सामाईक विहीर

आपल्या वऱ्हाडात वडील निवर्तले आणि भावाभावांची वाटणी झाली, म्हणजे शेताचे तुकडे पडतात, बैलांची जोडी फुटते, भांडीकुंडी मोजून घेतली जातात आणि घराच्या मधोमध भिंत उभी राहते. एका वस्तूची वाटणी मात्र कोणत्याही पंचास करता येत नाही. ती वस्तू म्हणजे विहीर. विहिरीत भिंत घालता येत नाही, आणि घातली तरी झऱ्याने कोणत्या बाजूस वाहावे हे त्या भिंतीस ठरविता येत नाही. म्हणून सातबाऱ्यावर तिची नोंद ‘सामाईक’ अशी होते. एकाचा हिस्सा आठ आणे, दुसऱ्याचा चार आणे, तिसऱ्याचा चार आणे. आणेवारी कागदावर राहते, आणि पाणी प्रत्येकाने आपापल्या पाळीने घ्यावयाचे असते.

विद्यार्थिमित्रहो, शहाणपण शिकण्यासाठी थोरांची चरित्रे वाचावीत, असे तुम्हांस नित्य सांगण्यात येते, आणि ते योग्यच आहे. परंतु आज आम्ही तुमचे लक्ष ह्या सामाईक विहिरीकडे वेधू इच्छितो. कारण आयुष्यात जे जे खरोखर मोलाचे आहे, ते बहुतेक सर्व विहिरीसारखेच असते. आई वाटून घेता येत नाही. गाव, शाळा, भाषा, नदी, देवालय ह्यांची वाटणी होत नाही. ज्याची वाटणी होत नाही, त्याचा उपभोग एकत्र राहूनच घ्यावा लागतो. आणि एकत्र राहणे ही आपोआप येणारी गोष्ट नसून शिकावी लागणारी विद्या आहे. ती विद्या ज्यास आली नाही, त्याच्या हाती शेवटी आपला हिस्सा राहतो, पाणी राहत नाही.

विहिरीवरची रीत पाहा. पूर्वी मोट होती. पहाटे बैल जुंपावयाचे आणि सूर्य माथ्यावर आला की दुसऱ्यास नाडा द्यावयाचा, अशी साधी वाटणी असे. मग तेलाचे इंजिन आले, त्यानंतर विजेचा पंप आला. आता पाण्याची पाळी विजेच्या वेळेवरही अवलंबून असते. हरभरा आणि गहू पाण्यास आलेले असतात, वीज ठराविक तासच मिळते, आणि ती कित्येकदा ऐन थंडीच्या मध्यरात्री येते. अशा वेळी हाती कंदील किंवा बॅटरी घेऊन, चिखलात उभा राहून जो मनुष्य दांड फोडतो आणि बांधतो, त्यास शेजाऱ्याचा स्वभाव जितका कळतो तितका तो वर्षानुवर्षांच्या गप्पांतही कळत नसेल.

तेथे पहिली गोष्ट अशी दिसते की, पाळी घड्याळाने सुरू होते खरी, पण ती केवळ घड्याळावर टिकत नाही. आपली वेळ सहा वाजता संपत असता जो सहा वाजून दहा मिनिटांनीही पंप चालू ठेवतो, त्याच्यावर दुसऱ्या दिवसापासून पहारा बसतो. पहारा बसला की संशय बसतो, आणि संशय बसल्यावर शेजाऱ्याची साधी चूकही लबाडी वाटू लागते. ह्याच्या उलट, जो सहास पाच मिनिटे कमी असतानाच पंप बंद करून हाक मारतो, त्याने पाच मिनिटांचे पाणी गमावले असे वाटते; परंतु पुढे त्याचा गहू वाळू लागला म्हणजे शेजारी आपण होऊन त्यास अर्धी रात्र देतो. हे आम्ही उपदेश म्हणून सांगत नाही. ज्या विहिरी दोन-दोन, तीन-तीन पिढ्या भांडणावाचून चालल्या आहेत, त्यांच्या मालकांस विचारावे. हिशेब मिनिटांचा ठेवला म्हणून विहीर चालली, असे त्यांपैकी कोणी सांगेल असे वाटत नाही.

दुसरी गोष्ट अशी की, आपण घेतले तसे दुसऱ्याच्या हाती द्यावे. पाणी घेऊन झाल्यावर फुटलेला दांड नीट बांधणे, पाइप जागच्या जागी ठेवणे, विहिरीत तळ दिसेपर्यंत उपसा न करणे, ह्या गोष्टी कोणत्याही कागदावर लिहिलेल्या नसतात. शाळेतही नेमके हेच आहे. प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शक यंत्र एक आणि मुले चाळीस असतात. ज्याने आपले पाहून झाल्यावर काच पुसून ठेवली, त्याने आपल्यामागच्या एकोणचाळिसांस शास्त्र शिकविले. ज्याने ग्रंथालयाच्या पुस्तकातील चित्र फाडून घरी नेले, त्याने ते चित्र स्वतः पाहिले असेल, परंतु पुढे येणाऱ्या सर्व वर्गांस आंधळे केले.

तिसरी गोष्ट सर्वांत कठीण. पाण्याची पाळी असते, परंतु गाळाची पाळी नसते. उन्हाळ्यात विहीर आटते, तळाशी गाळ साचतो, कोठे कडेचे दगड ढासळतात. पाणी घेण्यास तिन्ही भाऊ हजर असतात. गाळ काढावयाचा म्हटला म्हणजे एकास लग्नाचे आमंत्रण असते, दुसऱ्याची कंबर दुखते, आणि तिसरा म्हणतो की माझा हिस्सा चारच आणे, आठ आणेवाल्याने आधी उतरावे. ह्या वादात मृग लागतो आणि गाळ तसाच राहतो. सामाईक वस्तू भांडणाने एकदम मरत नाही. ती न काढलेल्या गाळाने हळूहळू मरते. मुलांनी हे ध्यानात ठेवावे की, हक्क सांगण्यासाठी पुढे येणारा तो मालक खरा, पण गाळ काढण्यासाठी जो आधी खाली उतरतो त्याच्यामुळे मालकी टिकते.

आता विहिरीवरून आपल्या गावाकडे वळू. शिरपूर जैन हे वाशिम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातील गाव अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या मंदिरामुळे सर्व भारतवर्षातील जैन समाजास ठाऊक आहे. तेविसावे तीर्थंकर पार्श्वनाथ ह्यांची ही मूर्ती भूमीस न टेकता अधांतरी आहे अशी भाविकांची श्रद्धा असून, ‘अंतरिक्ष’ हे नाव त्यावरूनच पडले आहे. दिगंबर आणि श्वेतांबर हे दोन्ही पंथ ह्या मूर्तीस सारख्याच भक्तीने भजतात. परंतु दोहोंची पूजापद्धती भिन्न आहे. म्हणून १९०५ साली पूजेच्या वेळा ठरवून देणारे एक वेळापत्रक करण्यात आले. म्हणजे विहिरीस जी रीत, तीच देवालयास लावण्यात आली.

तथापि ते वेळापत्रक वाद टाळू शकले नाही. खटला उभा राहिला. तो अकोल्याहून नागपुरास आणि तेथून थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला, आणि १९२९ साली तेथे निकाल झाला. निकालाने कायद्याचा प्रश्न सुटला, मनाचा सुटला नाही. पुढे १९८१ साली मंदिराच्या द्वारास कुलूप लागले, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२३ च्या मार्च महिन्यात ते उघडले. ह्या दोहोंत सुमारे बेचाळीस वर्षे गेली. १९८१ साली जो मुलगा सहा वर्षांचा असून पहिलीच्या वर्गात बसला होता, तो द्वार उघडले तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांचा झाला होता.

ह्यात कोणत्या पंथाची बाजू किती खरी, हे सांगणे आमचे काम नव्हे. तो अधिकार न्यायालयाचा आहे, आणि आमच्यासारख्या परक्यांनी त्यात तोंड घालू नये. आम्ही एवढेच दाखवू इच्छितो की, दोन्ही बाजूंस मूर्ती प्रिय होती. कोणाचीही भक्ती खोटी नव्हती. वेळापत्रकही लिहिलेले होते. तरीही मध्ये कुलूप आले. कोणत्याही वस्तूस अनेक बाजू असतात आणि एकास दिसते तेवढेच सत्य नव्हे, हे तत्त्व जैन आचार्यांनी ‘अनेकान्त’ ह्या नावाने जगास शिकविले. औषध घरातच असून ते वेळेवर घेतले जात नाही, हा अनुभव केवळ एका समाजाचा नाही, मनुष्यमात्राचा आहे.

कोणी ख्रिस्ती वाचक हे वाचून शेजाऱ्याकडे बोट दाखवील, तर त्याने आधी यरुशलेमकडे पाहावे. प्रभू येशूस जेथे क्रुसावर दिले आणि जेथे पुरले असे परंपरा मानते, तेथे पवित्र कबरेचे मंदिर आहे. त्यात ग्रीक, लॅटिन, आर्मेनियन, कॉप्टिक, सिरियन आणि इथिओपियन अशा सहा ख्रिस्ती पंथांचा वाटा आहे. कोणत्या खांबापर्यंत कोणी झाडावे, कोणता दिवा कोणी लावावा, ह्यांवरून तेथे वाद होत आले आहेत. १८५२ साली तुर्की सुलतानाने फर्मान काढून ‘जे जसे चालत आले आहे ते तसेच चालावे’ असे ठरविले. त्या मंदिराच्या दर्शनी खिडकीखाली एक साधी लाकडी शिडी उभी आहे. अठराव्या शतकातील चित्रांतही ती दिसते. ती हलविण्याचा अधिकार कोणाचा, ह्याविषयी एकमत होईना. म्हणून ती तेथेच राहिली. आणि त्या मंदिराच्या मुख्य द्वाराची किल्ली पिढ्यान्‌पिढ्या यरुशलेमच्या दोन मुसलमान घराण्यांकडे आहे. प्रीतीचा उपदेश करणाऱ्यांच्या दाराची किल्ली त्रयस्थाने सांभाळावी लागते, ह्यात त्या घराण्यांची थोरवी आहे आणि आम्हां सर्वांस खाली पाहावयास लावणारेही काही आहे.

परंतु त्याच मंदिरातील पुढची हकीकत आशा देणारी आहे. कबरेवर बांधलेली लहान देवळी इतकी खिळखिळी झाली होती की, २०१५ च्या फेब्रुवारीत ती धोक्याची म्हणून काही वेळ बंद करण्यात आली. तेव्हा ग्रीक, लॅटिन आणि आर्मेनियन हे तीन पंथ एकत्र बसले, दुरुस्तीस त्यांनी संमती दिली, २०१६ साली काम सुरू झाले आणि २०१७ च्या मार्चमध्ये ते पुरे झाले. हक्काचा वाद मिटला म्हणून दुरुस्ती झाली असे नव्हे. हक्काचे वाद बाजूस ठेवून त्यांनी आधी गाळ काढला. सामाईक वस्तूविषयी ज्यांचे पटत नाही, त्यांनी बोलणे कोठून सुरू करावे, ह्याचे हे चांगले उदाहरण आहे.

आपल्या महाराष्ट्रातही अशी उदाहरणे आहेत. धुळ्याकडे पांझरा नदीवर काही शतकांपासून ‘फड’ पद्धतीने शेती होत आली. नदीवर बंधारा घालून पाट काढावयाचा, शेतीचे मोठमोठे फड पाडावयाचे, आणि पाण्याचे वाटप गावकऱ्यांनीच नेमलेल्या माणसांकडे सोपवावयाचे. पाणी कमी असले तर एखाद्या फडाची लागवड सोडून द्यावयाची; म्हणजे तुटीचा भार एकट्यादुकट्यावर न पडता सर्वांवर पडे. पाटाची सफाई शेतकरी मिळून करीत. त्याचप्रमाणे १९७२ च्या दुष्काळानंतर पुण्याचे अभियंते विलासराव साळुंखे ह्यांनी पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे पाणी पंचायतीचे काम उभे केले. तेथील नियम असा की, पाणी जमिनीच्या मापाने न देता माणसांच्या संख्येने द्यावे. दर माणशी अर्ध्या एकरापुरते, आणि एका कुटुंबास अडीच एकरांहून अधिक नाही. ऊस लावावयाचा नाही. ज्यास जमीन नाही, त्याचाही पाण्यावर हक्क धरावयाचा. कोरड्या माळावर हे नियम मान्य करणारे शेतकरी आपल्यासारखेच होते.

येथे एखादा विचारी पालक म्हणेल की, ‘घेण्याआधी द्यावे, वेळेआधी पंप बंद करावा, हे ठीक, पण असा उपदेश नेहमी दुबळ्यासच केला जातो. बळकटाने पाणी घ्यावे आणि दुबळ्याने उदार व्हावे, असेच जगात चालते.’ हा आक्षेप खरा आहे, आणि त्यास उत्तर दिल्यावाचून आमचे म्हणणे अपुरे राहील.

ज्यास कधी पाळीच मिळाली नाही, त्यास पाळी सोडावयास सांगणे हा अन्याय होय. महाडचे चवदार तळे सर्वांस खुले असल्याचा ठराव तेथील नगरपालिकेने १९२४ साली केला होता. तरीही अस्पृश्य मानलेल्यांस त्याचे पाणी मिळत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर सहस्रावधी लोकांसह तळ्यावर गेले आणि त्यांनी ते पाणी घेतले. त्यावर खटला झाला, आणि दहा वर्षांनी, १९३७ साली, मुंबईच्या उच्च न्यायालयात त्यांच्या बाजूने निकाल लागला. ह्यास कोणी भांडखोरपणा म्हणेल, तर त्यास सामाईक ह्या शब्दाचा अर्थच कळला नाही असे म्हणावे लागेल. आधी प्रत्येकाची पाळी मान्य झाली पाहिजे. उदारपणाची गोष्ट त्यानंतरची.

हीच कसोटी आपल्या घरांस लावून पाहावी. वाटणीच्या वेळी भाऊ तीन मोजले जातात, बहिणी मोजल्या जात नाहीत. वडिलार्जित मिळकतीत मुलीस मुलाइतकाच हक्क महाराष्ट्राने १९९४ साली आणि सर्व देशाने २००५ साली कायद्याने दिला. परंतु कित्येक घरांत दिवाळीस माहेरी आलेल्या बहिणीपुढे फराळाच्या ताटाबरोबर हक्कसोडपत्र ठेवले जाते, आणि तिने सही केली म्हणजे तिच्या मनाच्या मोठेपणाची गावभर स्तुती होते. आम्ही विचारतो, तो मोठेपणा भावाने का दाखवू नये? सोडण्याचा उपदेश ज्याच्याकडे जास्त आहे त्यास करावा. आठ आणेवाल्याने पाच मिनिटे आधी पंप बंद केला तर ती उदारता. चार आणेवाल्याकडून ती पाच मिनिटे वसूल केली तर ती लूट.

पवित्र शास्त्रात शलमोन राजाच्या न्यायाची गोष्ट आहे, ती आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊकच आहे. दोन स्त्रिया एकाच मुलावर हक्क सांगत होत्या. राजाने तलवार आणवून मुलाचे दोन तुकडे करावयास सांगितले. एकीने ती वाटणी मान्य केली. दुसरीने आपला हक्क सोडला, पण मूल जिवंत ठेवण्याची विनवणी केली; आणि हीच खरी आई हे राजाने ओळखले. ह्या गोष्टीत राजाची चतुराई वाखाणली जाते. आम्हांस मात्र तीत असे दिसते की, हक्क खरा कोणाचा हे साक्षीदारांनी सांगितले नाही, कागदाने सांगितले नाही. मूल जगावे म्हणून काय गमावण्याची तयारी आहे, ह्याने ते ठरले. सामाईक वस्तूविषयी वाद करणाऱ्या प्रत्येकाने स्वतःस हा एकच प्रश्न विचारावा: मला विहीर जगावयास हवी आहे, की शेजारी हरावयास हवा आहे? दोन्ही एकदम मिळत नाहीत.

शेवटी पालकांस एक नम्र विनंती. धुऱ्याचे भांडण तुम्ही मुलांपासून लपवू शकत नाही. तुम्ही चुलत्याशी कोणत्या स्वरात बोलता, पंचांपुढे खरे सांगता की नाही, तहसिलीत एक तारीख झाली की दुसरी घेता, हे सारे मूल पाहत असते. आणि शाळेत आम्ही बंधुभावाचा धडा शिकवीत असता ते मनात त्या दोहोंचा ताळा करीत असते. वाद असेलच, तर आपण हयात असतानाच पाण्याच्या वेळा, खर्चाचा वाटा आणि दुरुस्तीची जबाबदारी स्वच्छ लिहून ठेवावी, मुलींची नावे त्यात घालावी, आणि दोघांसही मान्य असा एक त्रयस्थ नेमावा. हा कागद शाळेच्या फीइतकाच तुमच्या मुलांच्या उपयोगी पडेल.

आणि विद्यार्थिमित्रहो, तुम्हांस सांगावयाचे ते थोडे आहे. लवकरच उन्हाळ्याची सुटी लागेल. विहिरींचे पाणी खाली जाईल, गाळ दिसू लागेल. ज्यांच्या घरी सामाईक विहीर आहे, त्यांनी वडीलमाणसांबरोबर घमेले घेऊन जावे, आणि आपल्या चुलतभावांस व बहिणींसही हाक मारावी. मोठी माणसे एकमेकांशी बोलत नसतील, तरी मुलांस बोलावयास कोणाची मनाई नाही. पहिली घमेली वर येईपर्यंत काठावर उभे असलेले थोरही बहुधा खाली उतरतील. न उतरले, तरी जूनमध्ये पाऊस पडेल तेव्हा त्या विहिरीत पाणी अधिक साठेल, आणि ते सर्वांचे असेल.